बॉबराव मिशनवर जातात

बॉबराव म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. टेक्सासपासून टेनेसीपर्यंत कुठल्याही बऱ्यापैकी चर्चला रविवारी सकाळी जा. पार्किंगमध्ये गाड्यांना हात करून जागा दाखवणारा, पंचावन्नच्या घरातला, लालबुंद आणि सदाप्रसन्न माणूस दिसला की समजावं, हेच बॉबराव. आमच्या वाट्याला आलेले बॉबराव ह्यूस्टनचे. धंदा विम्याचा. घरातला दिवा गेला तरी वायरमन बोलावणार. पण जून उजाडला की परदेशात जाऊन भिंत बांधण्याची त्यांना अनावर ओढ लागते.

आधी गल्लीभर पत्रं जातात. 'तुमची प्रार्थना हवी' हे मोठ्या अक्षरात आणि चेक कोणाच्या नावानं काढायचा ते त्याखाली, आणखी मोठ्या अक्षरात. आम्ही गणपतीच्या वर्गणीत मुरलेली माणसं. जातधर्म न बघता पन्नास डॉलर काढून देतो. माणशी दीड-दोन हजार जमले की पंधरा जणांची टीम ग्वातेमालाला निघते. अंगात एकसारखे पोपटी टी-शर्ट, पाठीवर बायबलचं वचन. बॅगांमध्ये अर्धे जुने कपडे आणि फुटबॉल. उरलेल्या अर्ध्यात पीनट बटर, ओले टिश्यू आणि जुलाबाच्या गोळ्या. बॉबराव कॉफीही घरूनच नेतात, कारण 'तिकडचं काय सांगावं!' त्या पाकिटावर छापलेलं असतं : ग्वातेमाला, अँटिग्वा.

मुक्काम चिमाल्तेनांगोच्या डोंगरातल्या एका गावात. पहाटे पाचला फटाक्यांची लड वाजते आणि बॉबराव पलंगाखाली. त्या देशात वाढदिवस फटाक्यांनीच उजाडतो, हे त्यांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. मग वही आणि बायबल घेऊन ते अंगणात चिंतनाला बसतात. समोर फुएगो ज्वालामुखी थोड्या थोड्या वेळानं धूर सोडत असतो. चिंतनापेक्षा फोटो जास्त होतात. रस्त्यावरून रंगीबेरंगी, चकचकीत बस गेली की त्यांना ती 'अस्सल इथली' वाटते. अमेरिकेतल्या शाळांनी काढून टाकलेल्या पिवळ्या बसच तिथे रंगवून धावतात. लहानपणी बॉबराव ज्या बसनं शाळेत गेले तिचाच त्यांनी फोटो घेतला नसेल, याची खात्री कोण देणार?

अधिकमासात सासुरवाडीला आलेला जावई 'मी काहीतरी मदत करतो' म्हणाला की जी धांदल उडते, ती त्या गावात आठवडाभर चालते. बायका पहाटेपासून पंधरा जणांपुरत्या तोर्तिया थापतात. काळा घेवडा, अंडी, तळलेली केळी. पाणी वेगळं, भाजी धुवायची तीही त्याच पाण्यानं. एवढं करून तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोट बिघडतंच. मग पाद्रीबाई गावठी काढा घेऊन उशाशी. संध्याकाळी बॉबराव वहीत लिहितात : आज आम्ही सेवा केली.

साडेनऊला बांधकाम. गवंड्याला तिथे सगळे 'माएस्त्रो' म्हणतात आणि तो त्या हाकेला शोभतोही. दिवसाला वीसेक डॉलर मजुरी घेणारा, शांत, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. रेती-सिमेंटचा ढीग करून, मधे खळगा पाडून, त्यात पाणी सोडून तो माल कालवतो. बॉबराव ऊन लागू नये म्हणून तोंडाला पांढरं क्रीम फासून घमेली उचलतात, थापी धरतात आणि पहिल्या ब्लॉकपासूनच भिंत पूर्वेला झुकवतात. माएस्त्रो ओळंबा सोडून बघतो, मान डोलावतो, 'मुय ब्येन' म्हणतो. टीम जेवायला गेली की वरचे दोन थर उतरवून पुन्हा चढवतो. बॉबरावांच्या विमानाच्या तिकिटात आणि बाकी खर्चात या माणसानं अडीच-तीन महिने भिंती बांधल्या असत्या, तेही सरळ. टीममध्ये एक निवृत्त प्लंबर होते. ते पहिल्याच दिवशी पाइप घेऊन गच्चीवर गेले, खाणाखुणांनी माएस्त्रोशी बोलत टाकी जोडली आणि सहा दिवस कुठल्याही फोटोत आले नाहीत.

दुपारी मुलांचा कार्यक्रम. रंगीत मण्यांची दोरी मनगटावर बांधायची आणि प्रत्येक मण्याचा अर्थ सांगायचा. काळा पापाचा, लाल ख्रिस्ताच्या रक्ताचा, पांढरा शुद्ध झालेल्या मनाचा. बॉबराव लाल मण्याशी पोचतात तोवर पोरं हिरवा-पिवळा संपवून दुसऱ्या दोरीसाठी हात पुढे करतात. एकीचा हात कोपरापर्यंत भरलेला. दर वर्षीची एक टीम, दर टीमची एक दोरी. मग बायबलमधल्या गोष्टीचं नाटक. त्यात बॉबराव धिप्पाड गल्याथ होऊन धाडकन पडतात. त्या एका कामात मात्र त्यांना तोड नाही.

खरी पंचाईत रात्री होते. बॉबराव तिथे धर्म द्यायला गेलेले आणि त्या गावात तो त्यांच्यापेक्षा जास्त. 1882 साली राष्ट्राध्यक्ष बारिओस यांच्या बोलावण्यावरून पहिला प्रेस्बिटेरियन मिशनरी त्या देशात आला. 1976 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपानं सुमारे तेवीस हजार माणसं गेली, चिमाल्तेनांगोची गावंच्या गावं झोपली. मदतीबरोबर अमेरिकी चर्चही लोटली. आज तिथली चाळीस टक्क्यांच्या आसपास जनता प्रोटेस्टंट पंथांची आहे. ह्यूस्टनला बॉबरावांची उपासना घड्याळ लावून तासाची. इथे ढोल, कीबोर्ड आणि भिंत हलवणारे स्पीकर लावून तीन तास. दुसऱ्या तासाला बॉबराव पेंगतात. शेजारची म्हातारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करते. ह्या गोऱ्या बाबाच्या श्रद्धेला बळ दे, अशी.

तरीही माणूस वाईट म्हणता येत नाही. त्या म्हातारीपुढे ते तासभर सुताची लडी हातावर धरून बसतात. दोघांत एक शब्दही सामाईक नसतो आणि दोघं खूश असतात. माएस्त्रोच्या मुलीची शाळेची फी गेली काही वर्षं तेच भरतात. त्यांच्या पत्रात भिंतीबद्दल दोन परिच्छेद असतात; फीबद्दल अक्षर नसतं. ते आम्हाला त्या गावच्या पाद्र्याच्या पुतण्याकडून कळलं. तो ह्यूस्टनलाच छपरं घालतो.

ग्वातेमालाच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास पाचवा हिस्सा अशा पोरांनी अमेरिकेतून धाडलेल्या पैशांवर उभा आहे. बॉबरावांना तिकडे जायला व्हिसा लागत नाही. माएस्त्रोला इकडे यायला लागतो आणि मिळत नाही. त्याचा धाकटा भाऊ कसाबसा पोचला. तो दर रविवारी दुपारी बॉबरावांच्याच चर्चच्या मागच्या हॉलमध्ये स्पॅनिश उपासनेला येतो. त्या वेळी बॉबराव, 'इतकं कमी असूनही ती माणसं किती आनंदी!' असं स्लाइड दाखवून सांगून झाल्यावर, फुटबॉलची मॅच चुकू नये म्हणून पार्किंगमधून गाडी बाहेर काढत असतात. आत येणाऱ्या पिकअपला जागा दाखवतात, हात करतात. धाकटाही करतो.

यंदा माएस्त्रोनं उतरवायच्या आधी त्या भिंतीचा फोटो काढून भावाला पाठवला. खाली विचारलं, "तुमच्याकडची घरं हीच माणसं बांधतात का रे?"

भावाचं उत्तर आलं, "छे! म्हणून तर उभी आहेत."