उतारशाळेवाल्याचा हिशेब

गोष्ट ऐकताना नेमकं नको त्या माणसाकडे लक्ष जाणं ही माझी जुनी खोड. सुदाम्याचं आख्यान रंगात येतं, कृष्ण आसनावरून उठून धावतो, मंडपातल्या बायांचे पदर डोळ्यांना लागतात आणि मी मात्र विचार करत बसतो, की सुदाम्याच्या बायकोने ज्या शेजारणींकडून पोहे मागून आणले त्यांना ते परत मिळाले का? सोन्याची नगरी झाल्यावर मूठभर पोह्यांची उसनवारी कोणाच्या ध्यानात राहणार!

चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतही माझं हेच होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट येशूने एका शास्त्र्याला सांगितली. शास्त्री मोठा चिकित्सक. शेजाऱ्यावर प्रेम करायचं हे त्याला मान्य होतं, पण शेजारी नेमका कोणाला म्हणायचं, याची हद्द त्याला मोजून हवी होती. आमच्याकडे धुऱ्यावरून भांडणारी माणसं तलाठ्याकडे जातात, हा येशूकडे आला. येशूने नकाशा न काढता गोष्ट काढली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकला. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग शोमरोनी आला. यहुद्यांचं आणि शोमरोन्यांचं एकमेकांच्या घरचं पाणीही चालायचं नाही, अशी परिस्थिती. पण त्याला कळवळा आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवले. याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून तो आपल्या कामाला गेला.

इथे प्रवचन संपतं आणि माझं सुरू होतं. शोमरोनी तर गेला. पुढे काय? एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. दोन दिवसांच्या रोजीत हाडं मोडलेला माणूस किती दिवस पोसायचा? रात्री तो कण्हायला लागल्यावर पाणी कोणी दिलं? रक्ताची चादर कोणी धुतली? बाकीच्या गिऱ्हाइकांनी ‘याला इथून हलवा, झोप होत नाही’ अशी कुरकुर केलीच असेल, ती कोणी ऐकून घेतली? आणि ‘परत येताना देईन’ या वाक्याची बाजारातली किंमत काय, ते कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा. त्याच्या वहीत असे परत येणारे पुष्कळ असतात. एका परक्या, परधर्मी माणसाच्या उधारीवर त्या उतारशाळेवाल्याने विश्वास टाकला. श्रद्धेचं याहून चोख उदाहरण त्या गोष्टीत मला तरी दिसत नाही. पण त्याचं नाव नाही, गाव नाही, आणि पुतळे, हॉस्पिटलं, कायदे सगळे निघाले ते शोमरोन्याच्या नावाने.

हे सगळं मला सुचतं याचं कारण मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे ख्रिस्ती वस्ती थोडी, पण मिशन हा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी रुळलेला. अमेरिकेतल्या फ्री मेथॉडिस्ट मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे ठाणं मांडलं. पुढे १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत देशभरातून तरुण पोरं इथे धर्मशास्त्र शिकायला येत राहिली. केरळच्या पावसातून, ईशान्येच्या डोंगरांतून आलेल्या त्या पोरांचं मला फार नवल वाटतं. ग्रीक आणि हिब्रू समजावून घ्यायला त्यांना कष्ट पडले असतील, पण नरकाची कल्पना समजावायला प्राध्यापकांना मे महिन्यात वेगळा तास घ्यावा लागला नसणार.

सेमिनरी पुण्याला गेली. राहिलं ते पांढरकवड्याकडचं उमरीचं मिशन हॉस्पिटल आणि नाताळात शेजारपाजारी पोचणारी करंज्या-चिवड्याची ताटं. दिवाळीत आपण दिलेल्या ताटाची ती परतफेड असते, आणि दोन्ही घरच्या चकल्यांची तुलना दोन्ही घरी होते. सर्वधर्मसमभावाचा एवढा खमंग प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

दवाखान्याचं मात्र जवळून पाहिलं आहे. गाव सांगत नाही, मिशनचाच एक दवाखाना. पुरुषांचा वॉर्ड, लोखंडी खाटा, खाटेखाली नातेवाइकांच्या पिशव्या, पिशवीत भाकरी, तिखटाची पुडी आणि एक पितळी गडवा. व्हरांड्यात कोणाची सून डब्याचं झाकण दगडाने ठोकून उघडते आहे. शेजारच्या खाटेवर एक पिकलेला म्हातारा, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. गोळ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. तिथे एक आया होती, मध्यम वयाची, गळ्यात बारीक क्रूस, आवाज मात्र हाळी घालणारीचा. ती रोज सकाळी त्याच्या खाटेशी उभी राहायची.

“काऊन हो काकाजी, गोयी घेतली का?”

“घेतली न माय. देवाची शप्पथ.”

“कोणत्या देवाची? तुमच्या का माह्या?”

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला. माणूस सावध होता.

“दोघायचीबी.”

तिने काही न बोलता उशी उचलली. खाली तीन गोळ्या. पंढरपूर आणि बेथलेहेम एकाच वेळी तोंडघशी. वॉर्ड हसला, म्हातारा हसला, तिने मात्र कपाळाला आठ्या घालून गडव्यातलं पाणी ओतलं आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. मग चादर ओढली, बदलली, मळकी चादर बगलेत मारून पुढच्या खाटेकडे गेली. तिने त्याला येशूबद्दल काही सांगितलं का? मी तरी ऐकलं नाही. तिला वेळच नव्हता. ही बाई म्हणजे माझा उतारशाळेवाला.

मग मी मराठी ख्रिस्ती घरांकडे याच नजरेने बघू लागलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे शोमरोनी जातीचे कवी. कोणी दिसला दुःखी, की त्यांचं काळीज पाघळलंच. घरात आणून बसवणार. पैसा हाती आला की वाटेला लावणार. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. आता घरी आणलेल्या माणसाला पान कोणी वाढलं? लक्ष्मीबाईंनी. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा ज्या बाईवर आभाळ कोसळलं, तीच बाई पुढे स्वतःच्या पायांनी त्या धर्मात आली आणि टिळकांच्या कळवळ्याचा सगळा खर्च तिने चुलीपुढे बसून भागवला. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी पोटच्या पोरासारखे राहिले. ‘स्मृतिचित्रे’ मराठीतलं थोर आत्मचरित्र झालं, ते मला वाटतं याचमुळे. ते उतारशाळेवालीने लिहिलं आहे. शोमरोन्यावर जीव टाकणारी, पण त्याने दोन दिनार देऊन काय काय आणून टाकलं हे न विसरणारी बाई तिथे बोलते, आणि हसत बोलते.

पंडिता रमाबाईंकडे तर दोन्ही कामं. स्वतःचे आईबाप आणि बहीण दुष्काळात गमावलेली ही बाई १८९७ च्या दुष्काळात आमच्या शेजारच्या मध्य प्रांतात फिरली आणि उपाशी पोरींना गोळा करून घेऊन गेली. हे झालं शोमरोन्याचं काम. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध, पोरी ठेवायच्या कुठे? केडगावची शेतजमीन होती, तिथे त्या नेल्या. तिथे विहिरी खणल्या, गाईगुरं पाळली, माग चालवले, तेलाचा घाणा आणि छापखाना उभा केला. मुक्ती मिशन म्हटलं की भजनं-प्रार्थना डोळ्यांपुढे येतात. मला शेकडो पोरींचं दोन वेळचं जेवण दिसतं. धान्य किती, जळण किती, उवांचं औषध किती. आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात बाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या! आमच्या घरी चार पाहुणे आले तर मला पेपर वाचून होत नाही.

या सेवेमागे धर्मांतराचा डाव होता, असं म्हणणारे आपल्याकडे पूर्वीही होते, आजही आहेत. दुष्काळात मिशनने उचललेली पोरं मिशनमध्येच वाढली आणि पुष्कळशी ख्रिस्ती झाली, हे खरंच आहे. ती पोरं आपण का उचलली नाहीत, हा प्रश्नही तितकाच खरा. मला दोन्ही बाजूंना एवढंच सुचवावंसं वाटतं, की मूळ गोष्ट पुन्हा वाचा. शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, शोमरोनात नाही. बरा झाल्यावर आमच्या डोंगरावर पूजेला ये, अशी अट घातल्याचा उल्लेख नाही. आणि जखमी माणसानेही ‘आधी तुझी जात सांग’ असं म्हटल्याचं लूकने लिहिलेलं नाही. अर्थात तो बेशुद्ध असावा.

याजक आणि लेवी यांच्याबद्दलही मला थोडं बोलायचं आहे, कारण माझी गणती बहुधा त्यांच्यात होईल. आमच्या जिल्ह्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी ओलांडली की वरोरा येतं. तिथल्या आनंदवनाची सुरुवात ज्यांच्यापासून झाली ते बाबा आमटे काही ख्रिस्ती नव्हते. पण भर पावसात गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला तेव्हा ते आधी घाबरून पळाले होते. हे त्यांनी स्वतःच पुढे जगाला सांगितलं. मग त्या भीतीचीच लाज वाटून ते परत फिरले. येशूच्या गोष्टीत याजक नजरेआड होतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. तो पुढच्या वळणावरून परत आला असता तर, असं मला नेहमी वाटतं. वळण लहान असतं. घोडं तेवढं फिरवायचं असतं.

सरकारला मात्र उशिरा का होईना, ही गोष्ट कळली. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमावलीला कायद्याचं बळ दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, आणि त्यात मदत करणाऱ्याला थेट ‘गुड समॅरिटन’च म्हटलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा वाटसरू भारतीय कायद्यात येऊन बसला, याची मला गंमत वाटते. २०२१ साली तर त्याच्यासाठी पाच हजार रुपयांचं बक्षीसही जाहीर झालं. मूळचा बिचारा स्वतःच्या खिशातून दोन दिनार देऊन गेला होता. उतारशाळेवाल्यासाठी अजून काही जाहीर झालेलं नाही, ते होईल अशी आशा आहे.

तोवर आपल्यापुरतं सांगतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, रात्री त्यावर ट्रकांची रांग असते आणि दुचाकीवाले शेतावरून घरी परतत असतात. कोणी पडलेला दिसला तर मोबाइल चित्रीकरणासाठी काढू नका, १०८ लावण्यासाठी काढा. तुमचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखानाही नाही. त्याला पोचवून तुम्ही आपल्या कामाला जाऊ शकता, शोमरोनीही गेला होता. फक्त दुसऱ्या दिवशी जमलं तर एक डबा घेऊन वॉर्डात डोकावा, आणि तिथल्या आयाबाईचा चहाही सोबत न्या.