विसराळू स्विच आणि दुतोंड्या मारुती

संगणकांच्या जाळ्यातील स्विच हे यंत्र मुळात टपाल वाटणाऱ्याचे काम करते. म्हणजे प्रत्येक संगणकाचा ४८ बिटांचा पत्ता आणि तो ज्या पोर्टापलीकडे आहे त्याचा क्रमांक यांची वही ते स्वतःच लिहीत जाते व आलेला मजकूर त्या वहीबरहुकूम नेमक्या पोर्टातून पुढे धाडते. पत्ता वहीत नसला, तर मात्र ते वाड्याच्या चौकात उभे राहून नाव पुकारणाऱ्या पोस्टमनसारखे वागते आणि मजकूर आला ते पोर्ट वगळून तो बाकी सर्व पोर्टांतून सोडून देते. या क्रियेला शास्त्रात 'फ्लडिंग', अर्थात पूर, म्हणतात. गोदाकाठी या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही.

ज्याचा आवाज ३०० सेकंद ऐकू आला नाही त्याचे नाव वहीतून खोडावे, असा लिनक्सचा रूढ रिवाज आहे. लग्नाच्या आमंत्रणांच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो उदारच वाटेल. हा रिवाज स्विचमधल्या चिपच्या कानी घालणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. काही चिपांना सेकंद मोजून दिलेले चालत नाहीत. त्यांचे माप काही जातींत १५ सेकंदांचे, तर काहींत ३.७५ सेकंदांचे असते, त्यामुळे त्याच मुदतीसाठी पहिलीला २० आणि दुसरीला ८० असा आकडा द्यावा लागतो. ड्रायव्हरच्या लेखकाने एका जातीचा मजकूर दुसरीसाठी उतरवून घेतला आणि माप बदलायचे राहिले, की वीस पायल्यांऐवजी वीस शेरच पदरात पडतात (पायलीचे शेरही चारच), आणि चिप तक्रार न करता ७५ सेकंदांत सर्वांना विसरते.

नाशिकमधल्या सातपूरच्या किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात, अखंड ऐकणारा पण दर दोन मिनिटांनी एखादाच शब्द बोलणारा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर अशा स्विचला जोडला आहे, असे मानावे. दोन मिनिटांपैकी ७५ सेकंद सारे सुरळीत चालते, आणि उरलेली ४५ सेकंदे गेटवरच्या ट्रकांची चित्रे थेट हिशेबखात्याच्या प्रिंटरच्या दारावर जाऊन थडकतात. मजकूर योग्य जागीही पोचतोच, म्हणून कोणाचे काही अडत नाही. फक्त 'आज नेट स्लो आहे' एवढे म्हटले जाते. त्यावर केबल बदलणे, दारावरची लिंबू-मिरची ताजी करणे आणि स्विच बंद करून चालू करणे हे उपाय होतात; पैकी तिसऱ्याने वही पूर्ण कोरी होत असल्याने त्याला विसराळूपणावर स्मृतिभ्रंशाचा उतारा म्हणावे लागेल.

गंगापूर धरणातून किती क्यूसेक पाणी सुटले, या आकड्यापेक्षा ते गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर नाशिककरांचा विश्वास अधिक, आणि सराफ बाजारातील माल हलतो तोही त्यावरच. स्विचवरचे हिरवे दिवे हा त्याचा मारुती होय: ते सगळे एका तालात लुकलुकू लागले की पूर आला समजावे. मात्र त्यांच्यापुढे घड्याळ घेऊन बसण्याची फुरसत कारखान्यात सहसा रात्रपाळीच्या वॉचमनलाच असते.

ड्रायव्हरची दुरुस्ती म्हणाल तर १५००० मिलिसेकंदांच्या जागी ३७५० लिहिणे, एवढीच. तिचे स्पष्टीकरण मात्र वीसेक ओळींचे होते. लिनक्सच्या प्रथेनुसार त्याखाली 'फिक्सेस' अशी ओळ घालून, ज्या बदलामुळे चूक शिरली त्याच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे नोंदवतात. ती खूण शोधताना मूळ बदल करणाऱ्याचे नावही समोर येते, आणि ते कित्येकदा शोधणाऱ्याचेच निघते. अशा वेळी फिरवायला दुसरे तोंड असण्याची सोय फक्त मारुतीला आहे.