रिंगा बसेपर्यंत

बेळगावात राहणाऱ्या माणसाला दोन विषयांवर ठाम मत असावंच लागतं. एक सीमाप्रश्न आणि दुसरा, बोअर केलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर किती वेगानं चालवावं. पहिला प्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुसरा कुठल्याच न्यायालयात नाही, म्हणून तो रोज संध्याकाळी चहाच्या गाड्यावर सुनावणीला येतो.

आमच्या घरी हा दुसरा प्रश्न आला तो बाबांच्या प्रीमियर पद्मिनीमुळे. पद्मिनी म्हणजे मुळात फियाटची 1100 डिलाइट. वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली आणि सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव दिलं. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढची सीट सलग, त्यामुळे लग्नाला जाताना पुढेही तिघं आणि तिघांपैकी एकाच्या मांडीवर आहेराची पिशवी. राणी असली तरी थंडीच्या सकाळी चोक ओढूनही हटून बसली की ढकलायला अख्खी गल्ली लागायची. गल्लीनंही कधी कुरकुर केली नाही. तेवढाच व्यायाम आणि तेवढाच चहा.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पेपरात मृत्युलेख आले. बाबांनी ते चष्मा पुसून पुसून वाचले आणि जाहीर केलं, "मुंबईतनं गेली असेल. बेळगावातनं जाणार नाही." आता जाणार नाही म्हणायला ती आधी चालायला हवी होती. आमची पद्मिनी उभ्या उभ्या धूर सोडत होती. धुराचं शास्त्र इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं : काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा, पांढरा पाणी आत शिरल्याचा, निळा तेल जळल्याचा. आमचा निळा होता. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडरचा बोअर गेला, आता इंजिन बांधायचं.

इंजिन कुठं बांधायचं यावर घराचे दोन तट पडले. माझी सासुरवाडी निपाणीची. निपाणीकरांचा जीव कोल्हापुरात. सासरेबुवांनी फोनवरच निकाल दिला, "जावईबापू, बोअर मारायचा तर उद्यमनगरात. बाकी सगळे नुसतं भोक पाडतात." बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बेळगावच्या उद्यमबागेची बाजू मांडली. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर केला, ज्या गावच्या फाउंड्र्यांत देशभरच्या इंजिनांची ओतकामं होतात, जिथं क्रँकशाफ्ट घडतात, त्या गावानं एका पद्मिनीसाठी कोल्हापूरची पायरी चढायची? सासरेबुवा म्हणाले, "किर्लोस्कर शेवटी किर्लोस्करवाडीलाच गेले की!" यावर बाबांनी फोन ठेवला आणि ब्लॉक उद्यमबागेत गेला.

आमचे मिस्त्री अनगोळचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. बोअर करून, होनिंग मारून आलेला ब्लॉक त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात दाखवला. सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा होत्या. मामांनी माझं बोट धरून नख त्यावरून फिरवलं. नखाला किंचित खरखर लागली.

"हे काय सांगा बगू?"

"होनिंग."

"ही कानस हाय, सर. रिंग हिच्यावर घासून घासून आपली जागा करून घेती. ही कानस चार दिवसांची. तेवढ्यात रिंग बसली तर बसली, न्हाईतर आयुष्यभर तेल पिती."

मग इंजिन बांधून चालू केलं आणि त्यांनी रनिंगचा कायदा सांगितला. रिंग आपल्या ताणानं भिंतीला टेकते खरी, पण ती घट्ट दाबली जाते ती स्फोटाच्या गॅसनं. गॅस रिंगच्या मागं शिरतो आणि तिला भिंतीकडं ढकलतो. म्हणजे इंजिनाला थोडा जोर द्यायलाच हवा. फार हळू चालवलं तर दाब कमी, रिंग नुसतीच तेलावर तरंगते, तेल भिंतीवर भाजून बोअर चकचकीत होतो आणि कानस मरते. फार जोरात चालवलं तर सगळं तापून पिस्टन धरतो. एकाच वेगानं तासभर चालवायचं नाही, उगाच उभं राहून चालू ठेवायचं नाही, वेग वाढवायचा, सोडायचा, परत वाढवायचा. सोडला की सिलिंडरात ओढ तयार होते, तेल वर येतं आणि घासून निघालेला चुरा धुवून नेतं.

घासल्याशिवाय काही जुळत नाही हे ऐकून मला मराठी-कानडीचं एक सुंदर रूपक सुचलं आणि मी ते बोलायला तोंड उघडलं. मामा म्हणाले, "सर, तसलं काय बोलू नका. तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट वाजतंय, ते ऐका."

घरी आल्यावर कायदा बदलला. आईनं इंजिन बांधलंय हे ऐकलं आणि गाडीला थेट बाळंतिणीच्या खोलीत टाकलं. सव्वा महिना गार वाऱ्यात न्यायची नाही, ओझं घालायचं नाही, तिन्हीसांजेला बाहेर काढायची नाही. शेजारच्या काकांचं मत 40 च्या वर काटा गेला की इंजिन संपलं. समोरच्या गॅरेजातल्या कानडी पोराचं मत विचारलं नव्हतं, तरी मी दिसलो की तो ओरडायचा, "निधान री, निधान!" सगळ्यांचं एकमत होतं : हळू. आणि मामांचं एकट्याचं मत : घाबरू नका. लोकशाहीत मी कुणाचं ऐकायला हवं होतं, हे उघड आहे. मी मामांचं ऐकलं.

तरी मागच्या काचेवर पाटी लावायचं ठरलं. पूर्वी नव्या फियाटच्या मागं 'रनिंग इन, प्लीज पास' असा कागद असायचा. पण आमच्याकडं पाटी म्हणजे भाषेचा प्रश्न. मराठीत लावली तर पहिल्याच चौकात कुणीतरी थांबवून विचारणार, कानडीत लावली तर घरातच बाबा विचारणार, आणि इंग्रजीत लावली तर दोन्ही बाजू मिळून विचारणार. शेवटी मुलीनं मार्ग काढला. पुठ्ठ्यावर मोठं कासव काढून काचेला चिकटवलं. पुढं कित्येक दिवस लोक जवळ गाडी आणून विचारत होते, "वॉर्डातनं उभं ऱ्हायलाय काय? कुठला पक्ष म्हणायचा?"

शहरात रनिंग करणं अशक्य. टिळकवाडीची रेल्वे गेटं पडली की मामांच्या कायद्याप्रमाणं इंजिन बंद करायचं आणि गेट उघडलं की सुरू करायचं. तोवर मागचे हॉर्न आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करून मोकळे. 1 नोव्हेंबरला तर गाडी काढायचीच नाही. त्या दिवशी एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला काळा दिन, आणि मधल्या रस्त्यावर अडकलेली गाडी जागच्या जागी चालू राहते. रिंगांना हे दोन्ही मानवत नाहीत.

मग उरला महामार्ग. बेळगाव ते निपाणी साधारण पाऊणशे किलोमीटर. आणि खरं सांगतो, रनिंगसाठी याहून चांगला रस्ता इंजिनिअरांनी आखूनही मिळाला नसता. काकती ओलांडली की वंटमुरीचा घाट. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अंगात जोर आणायचा, उताराला पाय काढून इंजिनावर सोडायची. पुढं सपाटीवर वेग वरखाली करत हत्तरगी, संकेश्वर. निपाणीच्या अलीकडं स्तवनिधीशी तवंदीचा घाट, पुन्हा चढ, पुन्हा उतार. कुणाही मिस्त्रीला विचारा, रिंगांना जे हवं ते सगळं या रस्त्यावर आहे.

रस्त्यावरच्या लोकांना ते मान्य नाही एवढंच. हत्तरगीला एअरबसच्या विमानांचे भाग बनतात. त्या वसाहतीसमोरून आमची पद्मिनी 50 वर जायची, 30 वर यायची, पुन्हा 50 वर जायची. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटायचं, चालवणाऱ्याला झोप लागतेय. एकानं माया करून शेजारी गाडी आणली आणि काचेतून सल्ला दिला, "अण्णा, धाब्यावर थांबून च्या घ्या की." हंगामात उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या मागं, वर गाणी, आणि तासाला पंधरा-वीसचा एकसारखा वेग. त्यांच्यामागं अडकणं म्हणजे कायद्याच्या कलमाचा सरळ भंग. ओव्हरटेक करावा तर जुन्या बांधणीचं 1089 सीसी, तेही बाळंतीण. ते अंतर कापता कापता ट्रॅक्टरवाल्याची तीन गाणी मला पाठ झाली.

निपाणीत मात्र थाट वेगळा. विडी-तंबाखूचं गाव, त्यामुळे आमच्या सायलेन्सरमधून सुरुवातीला येणाऱ्या थोड्या निळसर धुराकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. पण सासुरवाडीत काळजी सुरू झाली. जावई एवढ्या वारंवार येतो, जेवायला थांबत नाही, चहा घेऊन इंजिनाचं झाकण उघडून बघतो आणि परत जातो, याचा अर्थ काय? सासूबाईंनी बायकोला फोन करून हळूच विचारलं, "तिकडं सगळं बरं आहे ना गं?" बायकोनं खरं कारण सांगितलं. मग त्यांची काळजी वाढली.

सासरेबुवांनी एकदा शेजारी बसून प्रस्ताव मांडला, "आलाच आहात तर कोगनोळी नाका ओलांडून कागलपर्यंत जाऊ. इंजिनाला महाराष्ट्राचं वारं लागू दे." गेलो. सीमेवर वातावरण तापलं की इकडच्या एसट्या तिकडं आणि तिकडच्या बसगाड्या इकडं येत नाहीत, म्हणून आम्ही सीमाभागातले लोक नाक्याकडं निघताना आधी पेपर बघतो. त्या दिवशी पेपर थंड होता आणि गाडीचा काटाही मधोमध. कागलला पोचल्यावर सासरेबुवांनी बॉनेटला कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बघा, आवाज सुधारला!" टॅपेट होतं तसंच वाजत होतं. जावयानं सासऱ्याच्या कानावर शंका घेऊ नये.

पाचशे किलोमीटरला मामांनी पहिलं तेल काढलं. पोत्यावर उकिडवे बसून त्यांनी ड्रेन बोल्ट सोडवला. तेल काळं नव्हतं, करडं होतं, आणि तसराळ्यात फिरताना त्यात चंदेरी झाक दिसत होती. मामांनी दोन बोटांत थेंब घेतला, चोळला, उजेडात धरला. कण बोटाला टोचत नव्हते, नुसती झिलई होती. "हे रिंगांचं आनि बोअरचं. कण टोचला असता तर बेअरिंगचं. मग आपून पुन्हा भेटलो असतो." मग थंड इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या क्रमानं पुन्हा कसले, टॅपेटचा गॅप लावला आणि ते वाजणारं तिसरं टॅपेट गप्प झालं. नवं तेल साधंच, मिनरल. महागातलं सिंथेटिक आणू का, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाले, "ते फार निसरडं. रिंगांना आधी घासू दे, मग काय पाहिजे ते प्या."

हजार किलोमीटर संपले तेव्हा धूर बंद झाला होता आणि डिपस्टिकवर तेलाची खूण हलत नव्हती. आईनं श्रेय सव्वा महिन्याला दिलं, काकांनी 40 च्या काट्याला, सासऱ्यांनी महाराष्ट्राच्या वाऱ्याला. मामांनी फक्त बिल दिलं.

तेव्हा जुनं इंजिन बांधून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं : घाबरून चालवू नका आणि मस्तीही करू नका. एका वेगाला चिकटू नका, उभ्या गाडीचं इंजिन फुरफुरत ठेवू नका, पहिलं तेल लवकर बदला, हेडचे नट पुन्हा कसून घ्या. सल्ले सगळ्यांचे ऐका, पण गाडी एका मिस्त्रीच्याच म्हणण्यानं चालवा. आणि ज्यांची लग्नं अजून व्हायची आहेत त्यांनी सासुरवाडी निवडताना पाऊणशे किलोमीटरचं अंतर आणि वाटेत दोन घाट एवढं जरूर पाहावं. पत्रिका नंतर जुळवता येते.