सात वाजता पोर्टल उघडलं

अहो, ऐकलंत का? निळ्या दाराच्या घरी गुरुवारी काय झालं ते? नाही ना? मला वाटलंच. जरा इकडे या बाई, या टोकाला. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे.

नाव घेत नाही हं मी कुणाचं. पण ऑक्टोबरपासून कोण कुठल्या कॉलेजचा स्वेटशर्ट घालून फिरत होतं ते अख्ख्या एडिसनला ठाऊक आहे. पोरगा नाही, आई! नोव्हेंबरच्या एक तारखेला अर्ली डिसिजनचा अर्ज गेला. म्हणजे साखरपुडाच की. त्यांनी हो म्हटलं की दुसरीकडे बघायचं नाही. आणि डिसेंबरात उत्तर काय आलं? डिफर! धड हो नाही, धड नाही नाही, बसा मार्चपर्यंत. तेव्हा निळ्या दाराच्या वहिनी मला किराण्याच्या दुकानात मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करताना भेटल्या. म्हणाल्या, "डिफर म्हणजे घेतल्यातच जमा असतं हो." मी म्हटलं, हो का! मी कशाला बोलू?

तर काय सांगत होते... हां, गुरुवार. आयव्ही डे. आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांचे निकाल एकाच संध्याकाळी, सातला. पूर्वीचं बरं होतं. टपालात जाड पाकीट आलं की होकार, पातळ आलं की नकार, आणि कळायचं ते आधी पोस्टमनला. आता मेलं पोर्टल! बरं, आपण मुकाट बघावं ना? यांनी चार घरं बोलावलेली. केकसुद्धा आणलेला, वर त्याच कॉलेजच्या रंगाचं आयसिंग. मला कसं कळलं? त्या चारांतली एक माझ्याबरोबर योगाला असते.

मुलानं पासवर्ड टाकला. वडील मोबाइल धरून शूटिंगला उभे. पोर्टलवर कॉन्फेटी उडते ना कुठे कुठे, गाणंबिणं वाजतं... तर काही उडालं नाही, काही वाजलं नाही. एक साधं पत्र. पहिल्या दोन ओळींतच काय ते कळलं. वडिलांचा मोबाइल तसाच चालू, बंद करायचं भानच नाही. आणि पोरगा उठला, "आय ॲम फाइन" म्हणाला, आणि स्वतःच केक कापून सगळ्यांना वाटला. मला त्याचं फार कौतुक वाटलं हो. आईचा चेहरा मात्र... जाऊ दे.

पण खरी गंमत शनिवारची. पाडव्याच्या पॉटलकला तुम्ही नव्हतात, केवढं मिस केलंत! मी पुऱ्यांच्या टेबलाशी होते, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं. निळं दार आलं ते थेट हसतच. "आमचं ठरलं बरं का. रटगर्स, ऑनर्स कॉलेज. आम्हाला पहिल्यापासून ऑनर्सच हवं होतं."

पहिल्यापासून! दिवाळीत हीच बाई रटगर्सला "आमची सेफ्टी" म्हणत होती, म्हणजे कुठेच नाही मिळालं तर. 1766 सालचं कॉलेज आहे हो ते, आणि ही म्हणे सेफ्टी! आपल्या मागच्या गल्लीतला तो न्यू ब्रन्सविकला, रटगर्सलाच जाणारा मुलगा तेव्हा समोर बसून करंज्या खात होता, त्याच्या आईला काय वाटलं असेल?

तरी कोणी काही बोललं नाही. सगळ्या "अरे वा, काँग्रॅच्युलेशन्स" करत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू, त्या एरवी तोंड उघडत नाहीत बघा, श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या, "पण रटगर्सला ऑनर्सचा वेगळा अर्ज नसतोच ना? आपल्या नेहमीच्याच अर्जावरून तेच निवडतात."

अहो, काय सांगू! चमचे थांबले. वहिनी "हो, म्हणजे, तसंच" म्हणाल्या आणि पुरी भाजीऐवजी मठ्ठ्यात बुडवली.

मग त्यांचे मिस्टर धावले मदतीला. सुरूच झाले, स्वॉर्थमोर कॉलेजात ऑनर्स 1922 साली आलं, फ्रँक आयडेलॉट म्हणून प्रेसिडेंट होते, ते ऑक्सफर्डला शिकलेले, तिथली पद्धत त्यांनी इकडे आणली, परीक्षेला बाहेरचे परीक्षक बोलावतात... श्रीखंड वितळलं हो त्यांच्या ताटात. माहिती खरी असेल, पण पाडव्याला?

आणि आता ऐका. कोपऱ्यावरच्या काकूंना ऑनर्सच्या अर्जांचं एवढं कसं ठाऊक? कारण त्यांच्या लेकीला श्रायर मिळालंय! हो, पेन स्टेटचं ऑनर्स कॉलेज. वर्षभर एक शब्द नाही. त्याला मात्र अर्ज वेगळा, निबंध वेगळे. कॉमन ॲपचे 650 शब्द लिहूनच पोरांचा जीव जातो, त्यावर हे आणखी. काकूंना विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, "तिनंच सांगू नको म्हटलं होतं." बघा!

माझ्या क्वीन्सच्या नणंदेचा तर वेगळाच तोरा. मुलगा मॅकॉलेत, तेही ऑनर्स कॉलेजच, ट्यूशन माफ, फोन केला की पहिलं वाक्य तेच. पण ती माफी न्यूयॉर्कच्या रहिवाशांना. नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत राहून आपण नुसतं ऐकायचं.

मला विचाराल तर ऑनर्समध्ये नावापेक्षा दोनच गोष्टी कामाच्या. वर्गांची नोंदणी आधी करता येते, त्यामुळे सकाळी आठचा केमिस्ट्रीचा वर्ग वाट्याला येत नाही. आणि डॉर्म. रटगर्सची ती 2015 ची इमारत बघितलीत ना? आपल्या घरापेक्षा बरी आहे. थीसिस लिहावा लागतो हे मात्र पॉटलकला कोणी सांगत नाही. श्रायरला तर त्याशिवाय सुटकाच नाही.

निळं दार अजून थांबलेलं नाही म्हणे. आणखी एका ठिकाणी वेटलिस्टवर आहेत, तिकडे पत्रं चालली आहेत, "आम्हाला अजूनही इंटरेस्ट आहे" म्हणून. एक मेपर्यंत डिपॉझिट भरायचं असतं. वडील म्हणतात भरून टाकू, आई म्हणते थांबा. भिंतीपलीकडून मला सगळं... म्हणजे ऐकत नाही हं मी, ऐकू येतं.

बरं, ते राहू दे. माझं एक काम होतं तुमच्याकडे. तुमचा मुलगा श्रायरलाच ना? त्याचे ते निबंध आहेत का हो अजून कॉम्प्युटरवर कुठे? आमची धाकटी येत्या वर्षी सीनियर. नुसते वाचायला. आणि कोणाला सांगू नका, तिनं अजून कुठे काही ठरवलेलं नाही.