टिंबाएवढ्या नवरदेवाची वरात

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स कर्नलसाठी गिट ही बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली रचली, ती असंख्य हातांची उलाढाल सांभाळायला. आता गिटवरच्या प्रकल्पाच्या दस्तऐवजातला एक स्वल्पविराम दुरुस्त करायचा तरी अनेकदा फोर्क, क्लोन, ब्रँच, कमिट, पुल रिक्वेस्ट अशी वरात निघते. दार सताड उघडले तर कचरा शिरेल, असे प्रकल्पांचे राखणदार म्हणतात. पण मुक्त प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांसाठी ऑक्टोबरभर चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये 2020 साली फुकट टी-शर्टसाठी प्रकल्पांच्या रीडमी फाइलला ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ची शेपटी जोडणारे याच दारातून रीतसर आले, आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले. अडला तो शुद्धलेखन जाणणारा. चुकीची आज्ञा छापली गेली तर वाचकाचे नुकसान होते, तिथे तपासणी हवीच. बदलांचा इतिहास मात्र विकिपीडियाही जपतो, आणि तिथे सहसा ‘संपादन’ एवढे बटण पुरते.