रुमालाची समीक्षा

कापडाच्या हुबेहूब चित्राला मिळणारी दाद ही सौंदर्यशास्त्रातील एक जुनी अडचण आहे. कारण दिघीच्या धक्क्याजवळ दोरीवर वाळणाऱ्या कोळ्याच्या चौकड्याच्या रुमालाकडे (म्हणजे कमरेला गुंडाळून पुढे त्रिकोणी टोक सोडण्याच्या वस्त्राकडे, नाक पुसण्याच्या नव्हे) जो मनुष्य ढुंकूनही पाहत नाही, तोच त्याचे पेन्सिलचित्र दिसताच ‘वा, अगदी खरा!’ असे उद्गारतो. सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत पास्कालने या विसंगतीवर बोट ठेवून चित्रकलेला पोकळ ठरवले होते. मात्र त्याने हातात पेन्सिल घेऊन चौकडे काढून पाहिल्याची नोंद नाही.

साध्या कापडात चित्रकाराला छायाप्रकाशाच्या, म्हणजे उजेड-अंधाराच्या चढउताराच्या, आडोशाला लपता येते, आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेत स्थिरचित्रामागे सोडलेल्या कापडाच्या नावाखाली बरेच धुके खपून गेले असावे. चौकड्यांत ती सोय नाही. कापड जिथून ताणले जाते त्या ताणबिंदूपासून, येथे एकुलत्या एका चिमट्यापासून, चुण्या फाकत खाली येतात; प्रत्येक रेघ चुणीच्या चढावर वाकते, खाचेत गडप होते आणि पलीकडे निघते ती तीच रेघ असावी लागते, कारण एक रेघ चुकली की चित्रातला वारा पडतो. शिवाय खाऱ्या पाण्याने ताठरलेले कापड मऊ वळत नाही, कोनात मोडते.

हे वस्त्र कोणाचे, हा प्रश्न मात्र विद्वानांना झेपत नाही. व्हॅन गॉगने १८८६ मध्ये रंगवलेले जुने बूट शेतकरी स्त्रीचे आहेत, असे जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९३५ च्या सुमारास गृहीत धरले, आणि ते खुद्द चित्रकाराचेच असावेत, हे कलेतिहासकार मायर शापिरोने १९६८ मध्ये सांगेपर्यंत तीन दशके लोटली. दिघीच्या धक्क्यावर हा वाद अगरदांड्याची फेरीबोट लागेपर्यंतही टिकणार नाही: तेलाच्या डागावरून रुमाल तांडेलाचा (होडीच्या म्होरक्याचा) नसून इंजिनापाशी बसणाऱ्याचा ठरेल, आणि लगोलग चित्र खोटेही ठरेल, कारण एवढ्या वाऱ्यात एका चिमट्यावर टांगलेला रुमाल एव्हाना राजपुरीच्या खाडीत गेला असता.