कावळा शिवेना

गुरुवारी, 2 जानेवारी 2025 च्या रात्री आमच्या कनाटात सुतक पडलं. कनाटा म्हणजे ओटावाचं हिंजवडी. संगणकवाल्या कंपन्या, एका साच्यातून काढलेली घरं आणि कडेला कॅनेडियन टायर सेंटर नावाचं भलंमोठं बंदिस्त स्टेडियम. तिथं वीस वर्षांखालच्या पोरांच्या विश्व आइस हॉकी स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीत, चेक संघानं कॅनडाला 4-3 असं घरी धाडलं. म्हणजे घरीच होते, तरी धाडलं. शेवटचा गोल झाला तेव्हा घड्याळात 39.4 सेकंद उरले होते. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांनी दारातला झेंडा उतरवून घडी घालून आत नेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणातला बर्फ कुणी उपसला नाही. सुतकात चालत नसावं.

तिकडच्या वाचकांना या दुःखाची खोली कळायची नाही, म्हणून सांगतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ही स्पर्धा सुरू होते आणि 5 जानेवारीपर्यंत चालते. या अकरा दिवसांत अख्खा देश सतरा-अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांकडे डोळे लावून बसतो. घरी ज्यांना आई दोनदा हाक मारल्याशिवाय जेवायला उठवू शकत नाही, त्या वयाची ही पोरं. त्यांच्या खांद्यावर चार कोटी माणसांची अब्रू ठेवायची आणि मग खांदा जरा कलला की ओरडायचं, असा हा सण आहे. कॅनडानं यात आजवर 20 सुवर्णपदकं मिळवली आहेत. त्यामुळे रौप्य मिळालं तर ते हरल्याचं मानतात आणि उपांत्यपूर्व फेरीत गेलं तर माणूस गेल्याचं.

आमची मराठी मंडळीही यात मागं नाहीत. पंजाबी बांधवांना टीव्हीवर हॉकीचं समालोचन 2008 पासून पंजाबीत मिळतं. मराठीत मिळत नाही. ती उणीव आम्ही स्वतःच भरून काढतो, आणि सामना संपला तरी थांबत नाही.

तर शनिवारी सकाळी माझ्या तळघरात पोह्यांवर पंचनामा बसला. अध्यक्षस्थानी आप्पा. आप्पा साताऱ्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेत. नोव्हेंबरपर्यंत त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. आता ते पॉवर प्लेवर बोलतात. हॉकीत एखाद्यानं आगळीक केली की त्याला दोन मिनिटं पिंजऱ्यात बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो, त्याला समोरच्यांचा पॉवर प्ले म्हणतात. हा नियम आप्पांना पहिल्याच दिवशी पटला. "आमच्या शाळेत बाकावर उभं करायचे, तसंच," म्हणाले. कॅनडाची पोरं स्पर्धाभर त्या पिंजऱ्यात इतक्यांदा जाऊन बसली की आप्पांना त्यांच्यात स्वतःचं बालपण दिसू लागलं. आणि चेकांचा तो शेवटचा गोल पॉवर प्लेवरच झाला.

"चूक पोरांची नाही," आप्पांनी निकाल दिला. "वळण नाही लावलं कुणी."

पण नाशिकचे वकीलसाहेब एवढ्यावर दावा निकाली काढू देणारे नव्हेत. त्यांचं म्हणणं, गुन्हा डिसेंबरातच घडला, संघ निवडताना. झेन पारेख! मागच्या मोसमात ओंटारिओच्या ज्युनियर लीगमध्ये या बचावपटूनं 33 गोल केले. बचावपटूनं! हे म्हणजे यष्टिरक्षकानं वीस बळी घेण्यासारखं. कॅल्गरीनं त्याला पहिल्याच फेरीत नवव्या क्रमांकावर उचललं. आणि निवडकर्त्यांनी त्याला संघातच घेतलं नाही. पाच सामन्यांत कॅनडाचे गोल झाले तेरा. वकीलसाहेबांनी पोह्यांच्या बशीत चमच्यानं भागाकार करून दाखवला.

इथं एक कबुली. पारेख हे आडनाव ऐकल्यापासून तळघरात या विषयाला वेगळीच धार चढली होती. एरवी ज्यांना संघातले तीन खेळाडू सांगता यायचे नाहीत, त्यांनाही पारेखवरचा अन्याय मात्र सविस्तर ठाऊक होता. मुंबईत आपण घाटकोपरच्या लोकांना काय काय म्हणायचो ते सगळं विसरून आम्ही त्या पोराला एकमतानं आपला म्हटलं. परदेशात माणूस मोठा होतो तो असा.

मग बेडार्ड आणि सेलेब्रिनी निघाले. ही दोन्ही पोरं वयानं या स्पर्धेत बसत होती, पण शिकागो आणि सॅन होजेकडून एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये पगारी खेळत होती. "सुट्टी टाकता येत नाही?" आप्पांनी विचारलं. त्यांनी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. सुट्टी टाकता येत नाही अशी नोकरी असू शकते हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग प्रशिक्षक. डेव्ह कॅमरन यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही, यावर फारशी चर्चा झाली नाही, थेट ठराव झाला. याच गृहस्थांनी 2022 साली एडमंटनमध्ये कॅनडाला याच स्पर्धेत सुवर्ण मिळवून दिलं होतं, हे मी दबक्या आवाजात सांगितलं. "ते पोरांनी मिळवलं," वकीलसाहेब म्हणाले. जिंकलं की पोरं, हरलं की गुरुजी. आमच्या वर्गात नेमकं उलटं असायचं.

सामन्यांची उजळणी झाली. फिनलंडला 4-0 मारलं तेव्हा सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी लॅटव्हिया. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखही नाही. आमच्यातल्या दाजींनी लॅटव्हिया नकाशावर शोधायला फोन काढला, तर सामना शूटआऊटला गेला, आणि आठव्या फेरीत लॅटव्हिया जिंकला. दाजींचा नकाशा तेव्हाही उघडत होता. पुढं जर्मनीला हरवलं, पण 31 डिसेंबरला अमेरिकेनं 4-1 केलं, आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा कुणी कुणाला मनापासून दिल्या नाहीत. चेकांविरुद्ध 3-1 असे मागं पडून पोरांनी 3-3 करून आणलं होतं हे खरं. त्यामुळेच तर जास्त लागलं. सरळ मेलेल्यापेक्षा डोळे उघडून पाणी मागून मेलेला माणूस जास्त छळतो.

मागच्या वर्षीही हेच झालं होतं. स्वीडनमधलं गोथेनबर्ग, तारीख 2 जानेवारीच, फेरी उपांत्यपूर्वच, समोर चेकच. 3-2. तेव्हा विजयी गोल झाला तो 11.7 सेकंद बाकी असताना, आणि चकती जाळ्यात गेली ती कॅनडाच्याच एका पोराला लागून. यावर आमच्याकडे वर्षभर एक मत पक्कं होतं: तो गोल तत्त्वतः कॅनडाचाच. या वर्षी 39.4 सेकंद. वकीलसाहेबांनी गणित केलं की आपण गतवर्षीपेक्षा 27.7 सेकंद आधी हरलो, म्हणजे घसरण स्पष्ट आहे.

एव्हाना दोन तास झाले होते. निवड झाली, सुट्टी झाली, गुरुजी झाले, पंच झाले. बर्फ मऊ होता का, हेही झालं. हे सगळं ऐकताना मला वाटू लागलं की त्या रात्री मैदानावर एकच संघ उतरला असावा. कॅनडा खेळला, कॅनडा चुकला, कॅनडानं कॅनडाला हरवलं. समोर लाल-निळ्या कपड्यांत कुणीतरी घसरत होतं, पण ते बहुधा मैदान साफ करणारे असावेत.

ही खोड या देशाची जुनी आहे. 1998 साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत कॅनडा चेकांकडूनच शूटआऊटमध्ये हरला. वेन ग्रेट्झ्की बाकावर बसून होता, त्याला पाचांत घेतलंच नव्हतं. तेव्हापासून इथल्या कुठल्याही कॉफीच्या टेबलावर जा, 'ग्रेट्झ्कीला का नाही पाठवला?' हा प्रश्न कपाबरोबर फुकट मिळतो. त्या दिवशी समोरच्या जाळ्यात डॉमिनिक हाशेक उभा होता आणि त्यानं आलेले पाचच्या पाच फटके अडवले, याचा तपास अजून कुणी केलेला नाही. सहावा आला असता तर त्यानं घाबरून सोडला असता असं समजायचं. त्याच हिवाळ्यात कॅनडाची ज्युनियर पोरं कझाकस्तानकडूनही हरून आठवी आली, आणि पुढच्या वर्षी टोरांटोला देशभरच्या जाणकारांची मोठी परिषद भरवावी लागली. दुखणं मोठं झालं की इथं परिषद भरते. आपल्याकडे समिती नेमतात. समितीचा अहवाल तरी कुणी वाचत नाही.

आणि आपण तरी कोणत्या तोंडानं हसायचं? शारजाचा तो 1986 चा सामना घ्या. शेवटचा चेंडू, मियाँदाद, षटकार. आजही आपण म्हणतो, यॉर्कर फसला. म्हणजे चेतन शर्मानं चूक केली आणि चेंडू आपल्या पायांनी चालत प्रेक्षकांत गेला. बॅट कुणाच्या हातात होती हा तपशील आपल्याकडे गौण असतो. आमच्या तळघरातल्या मंडळींना कॅनडाचं नागरिकत्व मिळायला वर्षं लागली, पण या बाबतीत ते मुंबई विमानतळावरच कॅनेडियन होते.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "चेक जरा बरे खेळले असतील का?"

चमचे थांबले. स्वयंपाकघरातून चहा घेऊन येणारी बायको जिन्यावरच उभी राहिली. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात मुलीकडच्यांच्या पंगतीत बसून मुलाकडच्यांचं जेवण चांगलं होतं म्हणालो.

"म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूनं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी बचावाची तयारी करून बसलो होतो. म्हटलं, बघा, चेकांची वस्ती एक कोटीच्या आसपास. मुंबईत त्याहून जास्त माणसं आहेत. तरी 2022 च्या नाताळात हॅलिफॅक्सला त्यांनी कॅनडाला 5-2 हरवलं. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना कॅनडानं जिंकला, तोही जादा वेळेत, 3-2 असा कसाबसा. पुढच्या वर्षी गोथेनबर्ग. आता ओटावा. तीन स्पर्धा ओळीनं हरवलंय त्यांनी. योगायोग एकदा होतो, फार तर दोनदा.

तळघरात शांतता पसरली. वाटलं, पटलं.

"म्हणजे," आप्पा सावकाश म्हणाले, "आपण तीन वर्षं ओळीनं चुका करतोय!"

हा मुद्दा सर्वांनी उचलून धरला. माझं नाव सूचक म्हणून टिपणात गेलं.

दुसऱ्या दिवशी, 5 तारखेला, चेकांनी स्वीडनला शूटआऊटच्या चौदा फेऱ्या खेळून हरवलं आणि कांस्यपदक घेतलं. अमेरिकेनं फिनलंडला जादा वेळेत हरवून आमच्याच गावातून सुवर्ण नेलं. आमच्याकडे टीव्ही बंद होता. सुतकात पाहत नाहीत.

पुढचा शनिवार 11 तारखेचा. मोजून दहावा दिवस. त्या दिवशीही पंचनामा पुरा होईना. एकाचं समाधान झालं की दुसऱ्याचं राहायचं. कावळा काही शिवेना. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याची इच्छा काय राहिली ते ओळखून कुणीतरी हात जोडून शब्द देतं: धाकट्याचं लग्न करू, घराची वाटणी नीट करू. आप्पा उठले. "पुढच्या वर्षी पारेखला घेऊ," म्हणाले. नाही शिवला. "गुरुजी बदलू." नाही. "पोरांना पिंजऱ्यात बसू देणार नाही." तळघराच्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता आणि उणे अंशांत एकही पाखरू नव्हतं, तरी आप्पांनी वाकून बाहेर पाहिलं.

तेवढ्यात दाजींच्या मेव्हण्याचा एडमंटनहून फोन आला. हा दोन वर्षांपूर्वी इकडे आला, अजून हॉकी शिकतोय. एडमंटन ऑइल किंग्ज या तिथल्या ज्युनियर संघाचे सामने पोरांना घेऊन जाऊन पाहतो. इथल्या ज्युनियर संघांना मोजकी परदेशी पोरं घ्यायला मुभा असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. दाजींनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"दाजी, तुमच्या त्या निवडवाल्यांना डोळे आहेत का?" तो तावातावानं बोलत होता. "आमच्या इथं अ‍ॅडम येखो म्हणून एक पोरगं आहे. ताडासारखं उंच. परवा डोळ्यांनी बघितलंय मी. इथंच राहतं, इथंच खेळतं, आणि कॅनडाच्या यादीत त्याचं नाव नाही!"

शेवटच्या 39.4 सेकंदांतला तो गोल ज्यानं केला, त्या चेक पोराचं नाव त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तोच बायकोनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं, प्या.

"बघा!" वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "पारेख एक, आणि हा दुसरा. अ‍ॅडम काय?"

"येखो."

"लिहा," आप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी येखोलाही घेऊ."

खिडकीवर काहीतरी टपकन पडलं. छपरावरचा बर्फ होता. पण आप्पांनी हात जोडले होते, आणि पोहे वाढायला सुरुवात झाली.